ठाणे रेल्वे स्थानक

ठाणे हे मुंबई उपनगरी रेल्वेच्या मध्य मार्गावरील एक प्रमुख स्थानक आणि ट्रान्स-हार्बर मार्गाचे आरंभस्थान आहे. ते महाराष्ट्रातील ठाणे शहरात असून भारतीय रेल्वेच्या मध्य रेल्वे विभागाच्या मुंबई मंडळाकडे त्याचे व्यवस्थापन आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी मुंबईच्या बोरीबंदर येथून ठाण्यापर्यंत धावली. त्यामुळे देशाच्या रेल्वे-इतिहासात या स्थानकाला विशेष स्थान आहे. सध्या दररोज लाखो प्रवासी या स्थानकाचा वापर करतात. उपनगरी जाळ्यातील सर्वाधिक गर्दीच्या स्थानकांमध्ये त्याची गणना होते.

स्थानकाची संक्षिप्त माहिती
स्थान: ठाणे, ठाणे जिल्हा, महाराष्ट्र
विभाग: मध्य रेल्वे, मुंबई मंडळ
मार्ग: मध्य मुख्य मार्ग, ट्रान्स-हार्बर मार्ग
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचे अंतर: सुमारे ३४ किमी
फलाट: १०
मुख्य मार्गावरील शेजारची स्थानके: मुलुंड (मुंबईच्या बाजूस), कळवा (कल्याणच्या बाजूस)
ट्रान्स-हार्बर मार्गावरील पुढील स्थानक: दिघा गाव

## नाव

शिलाहार राजवटीच्या लेखांत या नगराचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ असा येतो. ‘ठाणे’ हे नाव ‘स्थानक’ या शब्दापासून आले आहे. रेल्वेच्या आरंभकाळातील इंग्रजी कागदपत्रांत ‘टन्ना’ आणि पुढे ‘ठाणा’ अशी रूपे आढळतात.

## इतिहास

### पूर्वपीठिका

मुंबई बंदर आणि सह्याद्रीपलीकडील कापूस पिकवणारा प्रदेश यांच्यामध्ये वाहतुकीचे जलद साधन असावे, ही गरज १८४० च्या दशकात व्यापाऱ्यांना आणि प्रशासनाला तीव्रतेने जाणवत होती. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीदरम्यान मुंबई, कुर्ला, ठाणे व कल्याण यांना जोडून पुढे थळ आणि बोर घाटांकडे जाणाऱ्या लोहमार्गाची कल्पना सुचली. मुंबईतील व्यापारी आणि नागरिकांनी या कल्पनेला पाठिंबा दिला. त्यांमध्ये जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

१ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्यान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची स्थापना झाली. जेम्स बर्कले हे कंपनीचे मुख्य अभियंता होते. मुंबई ते ठाणे या पहिल्या टप्प्याचे बांधकाम ‘फॅव्हिएल आणि फाउलर’ या कंत्राटदारांनी केले. रुळांमधील अंतर पाच फूट सहा इंच (१,६७६ मिमी) ठेवण्यात आले. भारतातील रुंदमापी मार्गांचे हेच माप पुढे कायम राहिले.

### पहिली प्रवासी गाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली. त्या वेळी २१ तोफांची सलामी देण्यात आली. गाडीला १४ डबे होते आणि त्यांतून सुमारे ४०० निमंत्रितांनी प्रवास केला. साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे असलेली तीन वाफेची इंजिने गाडीला जोडलेली होती. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर होते. दोन टोकांमधील अंतर आजही जवळजवळ तेवढेच आहे.

याआधी भारतात बांधकामाचे साहित्य वाहून नेण्यासाठी काही ठिकाणी लोहमार्ग वापरात आले होते. रुडकीजवळील सोलानी जलसेतूच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन चालवण्यात आले होते. त्यामुळे १८५३ च्या गाडीचा उल्लेख ‘पहिली आगगाडी’ असा न करता ‘पहिली प्रवासी गाडी’ असा करणे अधिक अचूक ठरते. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात मुंबईतील आगगाडीची समकालीन माहिती मिळते.

### अंतिम स्थानक ते मधले स्थानक

ठाणे हे मार्गाचे अखेरचे स्थानक म्हणून एक वर्षभरच राहिले. ठाणे आणि कळवा यांच्यामधील खाडीवर पूल बांधून आणि पारसिक डोंगरातून बोगदे खोदून १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत नेण्यात आला. पुढे १८६३ मध्ये बोर घाटातील आणि १८६५ मध्ये थळ घाटातील मार्ग खुले झाले. त्यानंतर मुंबईहून दख्खनकडे आणि उत्तर हिंदुस्थानकडे जाणाऱ्या गाड्या ठाण्यावरून धावू लागल्या.

पारसिक डोंगराला वळसा घालून जाणाऱ्या मूळ मार्गावर मुंब्रा येथे मोठे वळण होते. हे वळण टाळण्यासाठी सुमारे १.३ किमी लांबीचा पारसिक बोगदा बांधण्यात आला. १९१६ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. जलद गाड्या बोगद्यातून आणि धीम्या गाड्या मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. ही विभागणी एका शतकाहून अधिक काळ टिकली.

### विद्युतीकरण

१९२५ मध्ये मुंबईत पहिली विजेवरील उपनगरी गाडी धावली. त्यानंतर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुख्य मार्गाचे विद्युतीकरण १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर करण्यात आले. विजेच्या गाड्यांमुळे ठाण्याहून मुंबईत रोज नोकरीसाठी ये-जा करणे सुलभ झाले. पुढे हा मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आणण्यात आला. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरील हे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेची स्थापना झाली, तेव्हापासून हे स्थानक त्या विभागात आहे.

## शहराची वाढ आणि स्थानक

स्वातंत्र्यानंतर ठाण्यात उद्योगधंदे वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. महामंडळाच्या पहिल्या औद्योगिक वसाहतींपैकी वागळे इस्टेट ही ठाण्यात आहे. याच काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यातही कारखाने उभे राहिले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक होती.

स्थानकावरील भार समजून घेण्यासाठी या वाढीची दिशा महत्त्वाची आहे. नौपाडा, जांभळी नाका, मासुंदा तलावाचा परिसर हे जुने ठाणे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९९० नंतरची बहुतेक वस्ती मात्र उत्तरेकडे, घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. या भागात लोहमार्ग नाही. तेथील रहिवाशांना लोकल पकडण्यासाठी अनेक किलोमीटरचा रस्ता कापून याच स्थानकावर यावे लागते. परिणामी स्थानकातील गर्दी आणि स्थानकाबाहेरील रस्त्यांवरील कोंडी हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत.

## रचना

स्थानकात एकूण १० फलाट आहेत. क्रमांक १ पश्चिमेकडे असून पूर्वेकडे क्रमांक वाढत जातात. पश्चिमेकडील फलाटांवर मुख्यतः धीम्या लोकल थांबतात. ठाण्याहून सुटणाऱ्या किंवा ठाण्यात संपणाऱ्या लोकलही याच बाजूला येतात. मधले फलाट जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वापरले जातात. फलाट क्रमांक ९ आणि १० पूर्वेच्या टोकाला असून ते ट्रान्स-हार्बर मार्गासाठी आहेत. फलाट एकमेकांना पादचारी पुलांनी जोडलेले आहेत. सरकते जिने आणि उद्वाहक यांची सोय आहे.

पश्चिमेकडे जुने शहर, बाजारपेठ आणि बसस्थानके आहेत. पूर्वेकडे कोपरी हा भाग असून तेथून पूर्व द्रुतगती महामार्ग जवळ पडतो. ट्रान्स-हार्बरचे फलाट पूर्व टोकाला आणि शहराचा मोठा भाग पश्चिमेला असल्याने नवी मुंबईहून परतणाऱ्या अनेक प्रवाशांना पुलावरून संपूर्ण स्थानक ओलांडावे लागते.

मधल्या फलाटांपैकी ५ व ६ क्रमांकाच्या फलाटावर विशेष गर्दी होत असे. त्याची रुंदी वाढवण्यासाठी ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ६३ तासांचा मेगाब्लॉक घेण्यात आला. कारखान्यात आधीच तयार केलेले काँक्रीटचे ठोकळे वापरून फलाट दोन ते तीन मीटरने रुंद करण्यात आला. याच काळात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथेही फलाटांच्या लांबीवाढीचे काम सुरू होते. त्यामुळे मध्य रेल्वेच्या शेकडो लोकल फेऱ्या रद्द कराव्या लागल्या.

## उपनगरी सेवा

### मुख्य मार्ग

मुख्य मार्गावरील धीम्या आणि जलद अशा दोन्ही लोकल ठाण्यात थांबतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा प्रवास जलद लोकलने सुमारे पाऊण तासात, तर धीम्या लोकलने साधारण एका तासात होतो. पलीकडे कल्याणनंतर मार्गाच्या दोन शाखा होतात. एक शाखा कसाऱ्याकडे आणि दुसरी कर्जतमार्गे खोपोलीकडे जाते. बहुतेक लोकल १२ डब्यांच्या असून काही जलद लोकल १५ डब्यांच्या आहेत.

ठाण्याहून मुंबईकडे सुटणाऱ्या लोकलना बोलीभाषेत ‘ठाणे लोकल’ म्हणतात. कल्याण, बदलापूर किंवा टिटवाळ्याहून येणाऱ्या गाड्या सकाळी ठाण्यात येईपर्यंत भरलेल्या असतात. म्हणून येथूनच सुटणारी गाडी स्थानिक प्रवाशांना बसण्यास जागा मिळण्याच्या दृष्टीने सोयीची ठरते.

### पाचवी आणि सहावी मार्गिका

ठाणे ते दिवा या टप्प्यात दीर्घकाळ चारच मार्गिका होत्या. जलद लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या एकाच जोडमार्गिकेवरून जात असल्याने लोकलच्या वेळापत्रकावर मर्यादा येत. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात येथे आणखी दोन मार्गिका मंजूर झाल्या. भूसंपादन, अतिक्रमणे आणि खाडीवरील पुलांचे काम यांमुळे प्रकल्पाला अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ लागला. सुमारे ६२० कोटी रुपये खर्चाच्या या मार्गिकांचे लोकार्पण १८ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

या बदलानंतर लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी पारसिक बोगद्याचा मार्ग राखण्यात आला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळवण्यात आल्या. त्यामुळे कळवा आणि मुंब्रा येथून जलद गाड्या जाऊ लागल्या. त्यांना तेथे थांबा मिळावा, अशी मागणी दोन्ही ठिकाणच्या प्रवाशांनी केली.

### ट्रान्स-हार्बर मार्ग

ठाणे आणि नवी मुंबई यांना थेट जोडणारा ट्रान्स-हार्बर मार्ग ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. तोपर्यंत ठाण्याहून वाशी किंवा नेरूळला रेल्वेने जायचे असल्यास कुर्ल्याला जाऊन हार्बर मार्गाची गाडी पकडावी लागे. अन्यथा ठाणे-बेलापूर रस्त्यावरील बसचा आधार घ्यावा लागे.

ठाण्याहून निघणारा हा मार्ग दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली आणि कोपरखैरणेमार्गे तुर्भ्याला पोहोचतो. तेथे त्याच्या दोन शाखा होतात. एक शाखा सानपाड्यावरून वाशीला जाते. दुसरी जुईनगरवरून नेरूळकडे आणि पुढे पनवेलपर्यंत जाते. दिघा गाव हे स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी ठाण्यानंतरचे पहिले स्थानक ऐरोली होते. मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल ३० जानेवारी २०२० रोजी याच मार्गावर सुरू करण्यात आली.

या मार्गामुळे ठाणे स्थानकाचे स्वरूप बदलले. पूर्वी येथे चढणारे-उतरणारे प्रवासी प्रामुख्याने ठाणे शहरातील होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची आणि इतर सेवा क्षेत्रांची कार्यालये वाढू लागली, तसतसे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, भांडुप आणि मुलुंड येथील प्रवासी ठाण्यात गाडी बदलून नवी मुंबईकडे जाऊ लागले. या प्रवाशांना शहरात जायचे नसते, पण फलाट, जिने आणि पूल यांचा वापर त्यांनाही करावा लागतो.

## लांब पल्ल्याच्या गाड्या

मुंबईहून नाशिक, पुणे आणि कोकणाकडे जाणाऱ्या अनेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना ठाण्यात थांबा आहे. कोकण रेल्वे मार्गावरील कोकणकन्या, मांडवी आणि जनशताब्दी या गाड्या येथे थांबतात. गणेशोत्सव आणि शिमग्याच्या काळात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांकडे, तसेच गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी हे स्थानक विशेष उपयोगी ठरते. मुंबई-साईनगर शिर्डी आणि मुंबई-मडगाव या वंदे भारत एक्स्प्रेस गाड्यांनाही ठाण्यात थांबा देण्यात आला आहे. त्यामुळे ठाणे, मुलुंड आणि नवी मुंबईच्या उत्तर भागातील प्रवाशांना दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत उलटे जावे लागत नाही.

## रस्ते वाहतुकीशी जोडणी

### सॅटिस

पश्चिमेकडील चौकात बस, रिक्षा, खासगी वाहने आणि पादचारी एकाच पातळीवर येत असल्याने कायम कोंडी होत असे. त्यावर उपाय म्हणून ठाणे महानगरपालिकेने स्थानक परिसर वाहतूक सुधारणा योजना हाती घेतली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘सॅटिस’ या नावाने ओळखली जाते. या योजनेत स्थानकासमोर उन्नत मार्ग आणि त्याला जोडून बसथांबे बांधण्यात आले. हा मार्ग २००९ मध्ये वापरात आला. शहर बस वरच्या पातळीवर, तर रिक्षा खालच्या पातळीवर थांबतात. पादचारी पुलावरून येणारा प्रवासी रस्त्यावर न उतरता बसथांब्यापर्यंत पोहोचू शकतो, हे या रचनेचे मुख्य वैशिष्ट्य आहे. पूर्वेकडे कोपरीच्या बाजूलाही अशाच धर्तीवर दुसरा उन्नत मार्ग हाती घेण्यात आला आहे.

### बससेवा

ठाणे महानगरपालिका परिवहन सेवा १९८९ मध्ये सुरू झाली. तिच्या बस स्थानकापासून घोडबंदर रस्ता, वागळे इस्टेट, लोकमान्य नगर, वर्तक नगर, कळवा आणि शहराच्या इतर भागांत जातात. बेस्ट आणि नवी मुंबई महापालिकेच्या बसही ठाण्याला अनुक्रमे मुंबई आणि नवी मुंबईशी जोडतात. राज्य परिवहन महामंडळाचे एक बसस्थानक रेल्वे स्थानकालगत पश्चिमेला आहे. शहरातील खोपट आणि वंदना येथील स्थानकांतूनही एसटीच्या बस सुटतात.

### रिक्षा

स्थानकाच्या दोन्ही बाजूंना मीटरच्या आणि शेअर रिक्षांचे थांबे आहेत. बसची वारंवारता कमी असलेल्या वेळी बहुसंख्य प्रवासी शेअर रिक्षावर अवलंबून असतात. संध्याकाळी रिक्षासाठी लागणाऱ्या लांब रांगा हे स्थानक परिसराचे नेहमीचे दृश्य आहे.

## गर्दी आणि सुरक्षितता

ठाणे स्थानकात तीन प्रकारचे प्रवासी एकत्र येतात: शहरात राहणारे किंवा काम करणारे, मुख्य व ट्रान्स-हार्बर मार्गांदरम्यान गाडी बदलणारे, आणि सामानासह लांबच्या प्रवासास निघालेले. या तिघांच्या चालण्याच्या दिशा वेगवेगळ्या असतात आणि पूल मात्र सामाईक असतात. एका मागोमाग दोन गाड्या आल्यास जिन्यांवर प्रवाहांची टक्कर होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पुलांची रुंदी आणि जिन्यांची संख्या हा संपूर्ण उपनगरी जाळ्यातील प्राधान्याचा विषय बनला.

ठाण्यापलीकडील टप्प्यात धावत्या लोकलमधून पडून होणारे मृत्यू ही दुसरी गंभीर समस्या आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यानच्या वळणावर, विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकून प्रवास करणारे प्रवासी खाली पडले. त्यांतील काहींचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. या दुर्घटनेनंतर मुंबई उपनगरी मार्गासाठीच्या नव्या साध्या लोकलना स्वयंचलित दरवाजे बसवण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. बंद दारांच्या डब्यात पुरेशी हवा खेळावी यासाठी छतावर वायुवीजनाची सोय आणि दरवाजांना झरोके ठेवण्याचे त्यात प्रस्तावित आहे.

## प्रस्तावित आणि निर्माणाधीन प्रकल्प

ठाण्याच्या बाबतीत आखलेल्या प्रकल्पांपैकी अनेकांचा उद्देश स्थानकात अधिक प्रवासी आणणे हा नसून, ज्यांना तेथे येण्याची गरज नाही त्यांना दुसरी वाट देणे हा आहे.

ऐरोली-कळवा उन्नत मार्ग: कल्याणकडून येणाऱ्या गाड्या कळव्याहून थेट ट्रान्स-हार्बर मार्गावर नेण्याची ही योजना आहे. ती पूर्ण झाल्यास कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशांना नवी मुंबईला जाण्यासाठी ठाण्यात गाडी बदलावी लागणार नाही. दिघा गाव स्थानक हा या प्रकल्पाचाच पहिला टप्पा आहे. मार्गात येणाऱ्या वस्त्यांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नामुळे प्रत्यक्ष जोडमार्गाचे काम रखडले.

ठाणे-मुलुंड दरम्यानचे नवे स्थानक: ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या काही जागेवर नवे उपनगरी स्थानक प्रस्तावित आहे. जागेच्या हस्तांतराचा प्रश्न अनेक वर्षे न्यायप्रविष्ट होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यावरील स्थगिती उठवली. वागळे इस्टेट आणि घोडबंदर रस्त्याकडील प्रवाशांना हे स्थानक जवळचे ठरेल.

मेट्रो मार्ग ४ आणि ४अ: वडाळा ते कासारवडवली हा ३२ किमीहून अधिक लांबीचा उन्नत मार्ग घाटकोपर, मुलुंड आणि तीन हात नाक्यावरून जातो. मार्ग ४अ त्याला गायमुखपर्यंत वाढवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यात चाचणी घेण्यात आली. हा मार्ग रेल्वे स्थानकाला स्पर्श करत नाही. घोडबंदर रस्त्यावरील रहिवाशांना लोकलविना मुंबईत जाता यावे, हा त्याचा मुख्य उपयोग आहे.

मेट्रो मार्ग ५: कापूरबावडीहून भिवंडीमार्गे कल्याणला जाणारा हा मार्ग, रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गापासून दूर असलेल्या भिवंडी शहराला ठाण्याशी जोडेल.

ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो: केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेला हा मार्ग २९ किमी लांबीचा असून त्यावर २२ स्थानके असतील. त्याचा अंदाजित खर्च सुमारे १२,२०० कोटी रुपये आहे. मार्गाचा सुमारे ३ किमी भाग भुयारी असेल आणि तो ठाणे रेल्वे स्थानकाला जोडला जाईल. नियोजनाप्रमाणे झाल्यास शहराच्या उत्तर भागातून स्थानकापर्यंत येणारी ही पहिली रेल्वे-आधारित जोडणी ठरेल.

मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्गावरील ‘ठाणे’ नावाचे स्थानक मात्र या स्थानकाच्या आवारात नाही. ते दिव्याजवळील म्हातार्डी येथे नियोजित आहे.

## हे सुद्धा पहा

मुंबई उपनगरी रेल्वे
ट्रान्स-हार्बर मार्ग (मुंबई उपनगरी रेल्वे)
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे
नाना शंकरशेट
पारसिक बोगदा
ठाणे महानगरपालिका परिवहन सेवा